वीज आपली, राख कोणाची?

चुलीवर स्वयंपाक होत असे तेव्हा राख वाया जात नसे. तिने भांडी घासत, कीड लागू नये म्हणून ती कडधान्याला चोळत, आणि उरलेली उकिरड्यावरून शेतात जाई. आज बहुतेक घरांतून चूल गेली आहे. पण विद्यार्थी मित्रांनो, राख गेलेली नाही, ती फक्त आपल्या नजरेआड झाली आहे!

एक हिशेब करून पाहा. औष्णिक वीजकेंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारण ०.७ किलोग्रॅम दगडी कोळसा लागतो. आपल्याकडील कोळशात मातीचा अंश फार, त्यामुळे त्याची ३० ते ४५ टक्के राख होते. ३५ टक्के धरली, तरी युनिटमागे पाव किलोग्रॅम राख झाली. तुमच्या घरी महिन्याला १०० युनिट कोळशाची वीज लागत असेल, तर सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकी, म्हणजे २५ किलोग्रॅम राख तुमच्या नावावर जमा होते.

राख पकडतात कशी?

कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फवारतात. जड राख तळाशी पडते. उरलेली, सुमारे ८० टक्के, धुराबरोबर वर जाते. हीच ‘उडती राख’ किंवा फ्लाय ॲश. तिला अडवण्यासाठी धूर उभ्या धातूच्या पत्र्यांमधून नेतात. पत्र्यांमधील तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. त्यामुळे राखेचे कण ऋणभारित होतात आणि भूमीला जोडलेल्या पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने पत्र्यांवर हातोडे पडतात व राख खालच्या नरसाळ्यांत जमा होते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर वापरलेले आहे. चांगल्या स्थितीतील यंत्र ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते.

धोका कोठे आहे?

जी राख वापरली जात नाही, ती बहुधा पाण्यात कालवून बांध घातलेल्या तलावात सोडतात. हा तलाव सुकला, की वारा राख उचलतो. १० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण हवेत सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली येतो. १० मीटर उंच उडालेला असा कण जमिनीवर यायला सुमारे अर्धा तास घेईल. तेवढ्या वेळात ताशी १८ किलोमीटरचा वारा त्याला आठ-नऊ किलोमीटर दूर नेईल! व्यास निम्मा झाला तर पडण्याचा वेग चौथाईवर येतो. सर्वांत बारीक कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसांत पोचतात.

दुसरा धोका पाण्याचा. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. तळाला अस्तर नसेल तर ते झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरू शकतात. तिसरा धोका बांध फुटण्याचा. २२ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे राखेचा बांध फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर चिखल आसपास पसरला. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत नागपूरजवळील कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील बांध फुटला, तेव्हा राखेचे पाणी शेतांत शिरले.

मग उपयोग काय?

इटलीतील पोझुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून प्राचीन रोमन लोक पाण्यातही टिकणारी बांधकामे करीत. आपली राख त्याच गुणाची आहे. सिमेंटमध्ये पाणी पडले की काही प्रमाणात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना तयार होतो. त्याने मजबुती वाढत नाही, उलट तो पाण्यात हळूहळू विरघळतो. राखेतील सिलिका या चुन्याशी संयोग पावते आणि नवा बंधक पदार्थ तयार होतो. काँक्रीट अधिक घट्ट होते, आणि राखेतील विषारी अंशही बहुतांशी त्यात जखडले जातात. आपल्या घाटघर प्रकल्पाच्या धरणांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राखेचे प्रमाण अधिक आहे. राख, वाळू आणि चुना किंवा सिमेंट यांच्या विटाही होतात. त्यांना भट्टी लागत नाही आणि शेताची सुपीक मातीही वाचते.

परंतु ही क्रिया संथ आहे. म्हणून अशा बांधकामावर नेहमीपेक्षा अधिक दिवस पाणी मारावे लागते. शिवाय सर्वच राख सारखी नसते. न जळलेला कोळसा अधिक असलेली राख काँक्रीटला चालत नाही. तळाची भरड राख रस्त्याच्या भरावाला बरी, पण वर मातीचा जाड थर हवाच. जुन्या खाणींत राख भरण्यापूर्वी भूजल तपासले पाहिजे. आणि आजीची राख लाकडाची होती. वीजकेंद्राच्या राखेने भांडी घासू नयेत!

उरलेल्या राखेसाठी अस्तर लावलेला तलाव, वरचे पाणी पुन्हा वापरण्याची सोय, भोवतालच्या विहिरींची नियमित तपासणी आणि तलाव भरल्यावर माती टाकून झाडे लावणे, एवढे तरी आवश्यक आहे. राखेच्या वापरासंबंधी केंद्र सरकारने १९९९ मध्ये नियम केले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राख वापरण्याचे बंधन घातले, आणि ते न पाळणाऱ्यांसाठी भरपाईही ठरवली.

आता एक काम करा. जवळ बांधकाम चालू असेल तर सिमेंटची रिकामी पिशवी पाहा. तिच्यावर ‘पोर्टलँड पोझोलाना’ असे नाव असेल, तर त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. मग घरचे वीजबिल काढा आणि आपल्या वाट्याची राख मोजा. ती भिंतीत गेली की कोणाच्या विहिरीत, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वीज वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे. किंबहुना, ते त्याचे कर्तव्यच आहे.