‘ऑफ’, ‘इन’, ‘फ्रॉम’: शोधविषयाच्या शीर्षकात नामं कशी जोडली जातात?



नेट-सेट किंवा पेट झाली की पुढची पायरी म्हणजे सिनॉप्सिस. तिथे आपण संशोधन पद्धती, नमुना निवड, गृहीतकं यांवर भरपूर डोकं घालतो. शीर्षकातल्या छोट्या छोट्या प्रीपोझिशन्सकडे मात्र कुणी बघत नाही. खरं तर अभ्यास कुणाचा, कुठला आणि किती हे त्याच ठरवतात. आज इंग्रजीत प्रीपोझिशन नामाला नाम कशी जोडते ते समजून घेऊ. उदाहरणं आपल्या हुपरीची घेऊ, म्हणजे पटकन लक्षात येईल.

समजा तुमचा विषय असा आहे: ‘अ स्टडी ऑफ द मायग्रेशन ऑफ सिल्व्हर आर्टिझन्स फ्रॉम हुपरी’. हुपरी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली चांदीनगरी, पैंजणांसाठी प्रसिद्ध. विषय सरळ वाटतो ना? आता सांगा, ‘फ्रॉम हुपरी’ हे नेमकं कुणाला जोडलंय? ‘मायग्रेशन’ला की ‘आर्टिझन्स’ना?

‘मायग्रेशन’ला जोडलं तर तुम्ही हुपरी सोडून गेलेल्या सगळ्या कारागिरांचा अभ्यास करणार, मग ते मूळचे कुठलेही असोत. ‘आर्टिझन्स’ना जोडलं तर मूळच्या हुपरीच्या कारागिरांचा, मग ते कुठूनही कुठेही गेलेले असोत. एकाच शीर्षकातून दोन वेगळे नमुने निघतात. प्रश्नावली वेगळी, फील्डवर्कची गावं वेगळी. समितीत कुणी हा प्रश्न विचारला आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर अडचण फक्त भाषेची राहत नाही, संशोधनाची होते.

मराठी मागून जोडते, इंग्रजी पुढून

मराठीत जोडणारा भाग नामाच्या मागे येतो: हुपरीत, टेबलावर, चांदीसाठी. शाळेत आपण यांना विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय म्हणतो. इंग्रजीत तो पुढे येतो: इन हुपरी, ऑन द टेबल, फॉर सिल्व्हर. त्यामुळे नामांची साखळी तयार झाली की दोन्ही भाषांतला क्रम आरशातल्यासारखा उलटा होतो.

मराठी: चांदीच्या दरातल्या वाढीची कारणं.
इंग्रजी: द रीझन्स फॉर द राइज इन द प्राइस ऑफ सिल्व्हर.

मराठीत चांदी, दर, वाढ, कारणं. इंग्रजीत कारणं, वाढ, दर, चांदी. हा योगायोग नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ३० भाषांची तुलना करून ४५ सार्वत्रिक प्रवृत्ती मांडल्या. त्यातली एक अशी की ज्या भाषांत जोडशब्द नामाच्या मागे येतो तिथे ‘कुणाचा’ हे सांगणारं नाम जवळजवळ नेहमी मुख्य नामाच्या आधी येतं, आणि जोडशब्द पुढे असेल तर ते नंतर येतं. मराठी पहिल्या गटात चपखल बसते. इंग्रजी बरीचशी दुसऱ्या गटात, पण तिच्याकडे ‘हुपरीज आर्टिझन्स’ अशी उलट रचनाही आहे. ती पुढे आपल्या कामाला येणार आहे.

म्हणून लांब साखळीचं इंग्रजी करायचं असेल तर शेवटच्या नामापासून सुरुवात करा आणि मागे मागे या. मुख्य नाम मराठीत शेवटी असतं, इंग्रजीत सुरुवातीला.

मराठीतला ‘चा’ पत्ता सांगतो

‘चांदीचा दर’, ‘चांदीची किंमत’, ‘चांदीचं ताट’. बघा, ‘चा’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. म्हणजे मी कुणाला जोडलोय हे तो स्वतःच सांगतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावरचं पुस्तक’ यांत फरक आहे. ‘टेबलावर’ क्रियापदाकडे जातं. नामाकडे न्यायचं असेल तर आपण बहुतेक वेळा त्याला ‘चा’, ‘ला’ किंवा ‘ईल’ लावतो: टेबलावरचं, हुपरीतला, कामगारांवरील, महिलांसाठीची. ‘दरात वाढ झाली’ यात ‘दरात’ क्रियापदाचं, ‘दरातली वाढ’ यात नामाचं.

इंग्रजीत ही खूण नाही. ‘ऑन द टेबल’ दोन्हीकडे तसंच राहतं. प्रसिद्ध उदाहरण आहे: ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’. दुर्बिणीतून पाहिलं, की दुर्बीणवाल्या माणसाला पाहिलं? इंग्रजी सांगत नाही. मराठीत बोलताना आपल्याला दोन्हींपैकी एक निवडावंच लागतं.

मराठीतही घोळ होतोच म्हणा. ‘हुपरीच्या चांदीच्या कारागिरांचं’ यात ‘हुपरीच्या’ हे चांदीचं की कारागिरांचं, ते ‘च्या’वरून कळत नाही. पण इंग्रजीत हा घोळ झपाट्याने वाढतो.

अर्थ किती होतात ते मोजून बघा

‘अ स्टडी ऑफ वर्कर्स इन हाउसहोल्ड युनिट्स इन हुपरी’ घ्या. मुख्य नाम एक, ‘स्टडी’. त्याच्यामागे तीन प्रीपोझिशन गट. ‘ऑफ वर्कर्स’ हे ‘स्टडी’लाच जोडलंय, तिथे वाद नाही. पुढे दोन शक्यता आहेत.

‘इन हाउसहोल्ड युनिट्स’ हे वर्कर्सना जोडलं, तर ‘इन हुपरी’ युनिट्सना, वर्कर्सना किंवा स्टडीला जोडता येतं. झाले तीन अर्थ. ते स्टडीलाच जोडलं, म्हणजे अभ्यास घरगुती कारखान्यांत बसून केला असं धरलं, तर ‘इन हुपरी’ युनिट्सना किंवा स्टडीला जातं. आणखी दोन. एकूण पाच.

गट दोन असतील तर २ अर्थ, तीन असतील तर ५, चार असतील तर १४. गणितात या संख्यांना कॅटलान संख्या म्हणतात. केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ मध्ये संगणकाने इंग्रजी वाक्य वाचण्याच्या संदर्भात नेमका हाच मुद्दा दाखवला होता. माणूस वाचताना बहुतेक अर्थ आपोआप गाळतो, कारण जगाची माहिती मदतीला येते. पण ‘फ्रॉम हुपरी’सारखे दोन्ही अर्थ शक्य असले की वाचक अडकतो.

एका ‘चा’ची इंग्रजीत अनेक रूपं

इथे आपली सवय आडवी येते. ‘चा’ दिसला की आपण ‘ऑफ’ लिहितो. प्रत्यक्षात इंग्रजीत कुठली प्रीपोझिशन घ्यायची हे बऱ्याचदा मुख्य नाम ठरवतं:

• पाण्याची गरज: नीड फॉर वॉटर
• दाराची किल्ली: की टू द डोअर
• वाढीचं कारण: ‘रीझन’ असेल तर फॉर, ‘कॉज’ असेल तर ऑफ
• समस्येवरचा उपाय: सोल्युशन टू द प्रॉब्लेम (‘वर’ आहे म्हणून ‘ऑन’ लिहू नका)
• कारागिरांवरील परिणाम: इम्पॅक्ट ऑन आर्टिझन्स (इथे मात्र ‘वर’ आणि ‘ऑन’ जुळतात)
• चांदीचा दर: प्राइस ऑफ सिल्व्हर, किंवा प्रीपोझिशनशिवाय सरळ ‘सिल्व्हर प्राइस’

म्हणून नवीन नाम शिकताना ते एकटं लिहू नका. वहीत ‘ॲक्सेस टू’, ‘डिमांड फॉर’, ‘इन्क्रीज इन’, ‘ॲटिट्यूड टुवर्ड्स’ असं जोडीनेच लिहा. ‘रिलेशनशिप बिटवीन’ लिहिलं की पुढे ‘अँड’च येतं, ‘टू’ नाही.

आणखी एक सापळा. ‘वुई डिस्कस द प्रॉब्लेम’ यात क्रियापदाला प्रीपोझिशन लागत नाही. पण त्याचं नाम झालं की लागते: ‘अ डिस्कशन ऑफ द प्रॉब्लेम’. तसंच ‘एम्फसाइज’ नुसतं, पण ‘एम्फसिस ऑन’. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक इथूनच येते. नामाची सवय क्रियापदाला लागते.

आणि ‘इव्हॅल्युएशन ऑफ टीचर्स’ म्हणजे शिक्षकांनी केलेलं मूल्यमापन, की शिक्षकांचं झालेलं? ‘ऑफ’ दोन्ही अर्थ देतो. करणारा वेगळा सांगायचा असेल तर ‘बाय’ वापरा: ‘इव्हॅल्युएशन ऑफ स्टुडंट्स बाय टीचर्स’.

सिनॉप्सिस देण्याआधी एवढं करा

१. शीर्षकातल्या प्रत्येक प्रीपोझिशनखाली रेघ मारा आणि ती ज्या नामाला जोडायची आहे तिथपर्यंत बाण काढा. बाण दोन ठिकाणी जाऊ शकत असेल तर तिथे काम आहे.

२. तो भाग मराठीत मोठ्याने म्हणा. ‘हुपरीचे कारागीर’ म्हणताय की ‘हुपरीतून होणारं स्थलांतर’? मराठी तुम्हाला निवड करायला लावेल.

३. निवड झाली की इंग्रजी तसं बांधा. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मायग्रेशन फ्रॉम हुपरी: अ स्टडी ऑफ सिल्व्हर आर्टिझन्स’. दुसरा हवा असेल तर ‘द मायग्रेशन ऑफ हुपरीज सिल्व्हर आर्टिझन्स’. पहिल्यात ‘फ्रॉम हुपरी’ आपल्या नामाला चिकटून बसलं, दुसऱ्यात ‘फ्रॉम’ची गरजच उरली नाही.

४. तीनपेक्षा जास्त प्रीपोझिशन गट झाले तर अपूर्णविराम (:) देऊन शीर्षकाचे दोन तुकडे करा.

५. शीर्षक आणि नमुना निवडीचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडची माणसं तीच आहेत ना, एवढं बघा.

हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे. पण नोंदणी झाल्यावर शीर्षक बदलायचं म्हटलं की अर्ज, मंजुरी, वाट बघणं सगळं आलं. त्यापेक्षा आत्ताच बाण काढा. तुमच्या विषयाच्या शीर्षकात कुठे दोन बाण निघतात ते आजच तपासा आणि मार्गदर्शकांना भेटायच्या आधी त्यातला एक खोडून टाका.