तुकोबांच्या अभंगाला गिटार चालते का?

पळसदेव ज्या इंदापूर तालुक्यात आहे, तिथूनच दर आषाढीला तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीत गोल रिंगण रंगते. वारीत टाळ-पखवाजावर म्हटले जाणारे अभंग मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा स्वतंत्र बँड गिटार, बेस, ड्रम्सवर गातो. नावही फोनवरचेच: जुनी पोस्ट, पुन्हा एकदा.

जुन्या भजनकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतीलही. पण भजनी ठेका ८ मात्रांचा, रॉकचा ताल बहुधा ४ ठोक्यांचा. जोडी सहज जमते.

पैशाचे काय? लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे कंपनीचे पाठबळ नसलेल्या बँडला संतांचे शब्द फुकट मिळतात. अलीकडच्या संगीतकाराची चाल घ्यायची, तर मात्र परवानगी लागते.