तळणीचे उरलेले तेल आणि घरचे मेयोनीज

गणपती गावाला गेले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक प्रश्न हमखास डोकावतो. तळणीचे तेल उरले आहे, त्याचे काय करावे? यंदाही तो आला आहे, पण जरा नव्या वेषात.

रत्नागिरी तालुक्यातल्या एक वाचक भगिनी लिहितात, की गणपतीत तळणीचे मोदक, करंज्या आणि नंतर वडे तळून दोन वाट्या सूर्यफुलाचे तेल उरले आहे. ते गाळून स्टीलच्या डब्यात ठेवले, त्याला दहा दिवस होऊन गेले. आता मुलाचा वाढदिवस आहे. मित्र येणार, सँडविच हवे, आणि सँडविचमध्ये मेयोनीज हवेच. बाजारची बाटली महाग पडते. मुलीने कुठेतरी पाहिले, की परदेशात लोक स्वयंपाकात उरलेली चरबी साठवून तिचेच मेयोनीज करतात. मग आपल्या उरलेल्या तेलाचे का करू नये? अंडी परसातल्या कोंबड्यांची आहेतच. जाता जाता त्यांनी एक ओळ लिहिली आहे, की घरात सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि नातवाच्या वाढदिवसाचे सर्व काही त्याही आवडीने खातात.

पत्र वाचून मला त्या बाईंचे कौतुकच वाटले. तेलाचे भाव पाहता दोन वाट्या तेल ओतून देणे जिवावर येते, आणि ते यावेच. आपल्याकडे अन्न टाकणे हे पाप मानतात. तेव्हा "टाका" असे फर्मान काढून मी मोकळा होणार नाही. पण त्या तेलाचे मेयोनीज करू नका, हे आधीच सांगून टाकतो. का करू नये, ते आता पाहू.

मेयोनीज म्हणजे काय, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. पांढरट, लोण्यासारखा दिसणारा हा पदार्थ मुळात फ्रेंच स्वयंपाकातला. दिसतो लोण्यासारखा, पण त्यात लोणीही नसते आणि सायही नसते. अंड्याचा कच्चा बलक, थोडी मोहरीची पूड, मीठ, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर एवढे घ्यायचे आणि त्यात थेंबथेंब तेल सोडत घोटत राहायचे. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत. बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य असते, ते तेलाच्या बारीक बारीक थेंबांना वेढून पाण्यात धरून ठेवते. एका बलकात पाऊण वाटी तेल सहज मावते. म्हणजे पारंपरिक मेयोनीज हे तीन हिश्शांहून अधिक निव्वळ तेलच होय! एका मोठ्या चमच्यात सुमारे दहा ग्रॅम तेल पोटात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्या दोन हजार कॅलरींच्या नमुना ताटात दिवसभराचे तेल-तूप मिळून सत्तावीस ग्रॅम धरले आहे. आता सँडविचवर किती चमचे फासले जातात, ते आपणच पाहावे.

यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेयोनीजमध्ये तेल शिजत नाही. भाजीच्या फोडणीत तेल चमचाभर पडते, त्यावर कांदा, मसाला, भाजी येते. इथे तेल हाच पदार्थ आहे. ते जसे असेल, तसेच्या तसे जिभेवर आणि पोटात जाणार. म्हणून मेयोनीजसाठी ताजे, वास नसलेले तेल लागते. करंजीचा, वड्याचा आणि दहा दिवस साठवलेल्या डब्याचा वास कितीही मोहरी घातली तरी लपत नाही.

आता तळताना तेलाचे काय होते, ते पाहू. कढईतले तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. त्यात आपण ओलसर पदार्थ सोडतो. चरचर आवाज येतो तो त्यातल्या पाण्याची वाफ होण्याचा. या पाण्यामुळे तेलाचे काही रेणू फुटतात व मेदाम्ले सुटी होतात. वरून हवेतला प्राणवायू तेलाला लागतो आणि तेल खवट होण्याची क्रिया उष्णतेमुळे झपाट्याने होते. शिवाय तेलाचे रेणू एकमेकांना चिकटून तेल जाड होते. कढईच्या कडेला जो घासूनही न निघणारा तांबूस, चिकट थर बसतो, तो हाच. खाली राहिलेले पिठाचे कण जळतात, ते निराळेच.

सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेले यात अधिक नाजूक. हृदयासाठी चांगली म्हणून आपण ती आणतो, पण ज्या मेदाम्लांमुळे त्यांचे कौतुक होते तीच उष्णतेने लवकर बिघडतात. त्यांतून आल्डिहाइड जातीची द्रव्ये तयार होतात आणि ती शरीराच्या पेशींना त्रासदायक आहेत.

या सर्व बिघाडाचे मोजमाप करता येते. तेलातील 'एकूण ध्रुवीय संयुगे' किती टक्के झाली, हे त्याचे माप आहे. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही मर्यादा पंचवीस टक्के ठरवली आणि १ जुलै २०१८ पासून ती लागू झाली. त्यापुढे गेलेले तेल खाण्यास वापरू नये, असा नियम आहे. घरी हे मोजण्याचे साधन नसते, आणि नुसत्या रंगावरूनही खात्री होत नाही. पण तेल जाडसर झाले, गरम करताना फेस धरू लागला, पूर्वीपेक्षा लवकर धूर येऊ लागला किंवा नाकाला खवट लागले, की ते संपले असे समजावे. पावसाळी दमट हवेत, चुलीजवळच्या उघड्या किटलीत ठेवलेले तेल तर फारच लवकर खराब होते.

वाचकांना उगाच घाबरवण्याची माझी इच्छा नाही. अशा तेलाचा एक चमचा खाऊन कोणी आजारी पडत नाही. धोका आहे तो सवयीचा. तेच तेल आज पुऱ्यांना, उद्या भज्यांना, परवा बांगड्यांना, असे महिनोन्‌महिने चालणाऱ्या घरांचा मला अधिक विचार पडतो. बांगडे-तारली हे तेलकट मासे. त्यांचे स्वतःचे तेल कढईत उतरते आणि ते तर सूर्यफुलापेक्षाही लवकर बिघडते. मासे तळलेल्या तेलाचा वास दुसऱ्या दिवशी का असह्य होतो, याचे हे एक कारण.

मग परदेशातले लोक चरबी साठवून मेयोनीज कसे करतात? मुलीने पाहिलेले खोटे नाही. पण ती चरबी निराळी आणि तिचा इतिहासही निराळा. युरोप-अमेरिकेत डुकराचे खारवलेले मांस किंवा बदक मंद आचेवर ठेवले, की त्यातून चरबी वितळून निघते. ती गाळून थंड जागी ठेवतात. ती एकदाच, बेताने तापलेली असते. आपण लोणी कढवून तूप करतो आणि खालची बेरी बाजूला काढतो, त्याच्याशी या चरबीचे नाते. गोव्याकडे चोरिसाचे, म्हणजे तिकडच्या डुकराच्या सॉसेजचे तुकडे कढईत टाकले की लाल चरबी सुटते आणि त्यातच कांदा परततात, तोही याच घरातला प्रकार. तासन्‌तास उकळत्या कढईत करंज्या पोहलेले तेल या पंगतीत बसत नाही. दोन्हींना "उरलेले" म्हणतात, म्हणून ती एक होत नाहीत. आणि खरे सांगायचे तर मांसाच्या चरबीचे मेयोनीजही प्रकृतीला काही फार हितकर नव्हे, पण तो आजचा विषय नाही.

आपल्याकडे काही जण विचारतील, की खोबरेलाचे काय? फणसाचे गरे तळून उरलेले खोबरेल कोकणात घरोघरी असते. खोबरेलातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, त्यामुळे ते सूर्यफुलासारखे चटकन खवट होत नाही, हे खरे. पण पाण्याच्या संपर्काने त्यातली मेदाम्ले सुटी झाली की साबणासारखी चव येते. जुने खोबरेल चाखलेल्यांना ती माहीत असेल. शिवाय थंडीच्या सकाळी बाटलीतले खोबरेल जसे थिजते, तसेच त्याचे मेयोनीजही फ्रिजमध्ये ठेवल्यावर दगडासारखे होईल. तेव्हा तेही नकोच.

असो. बाईंनी विचारले तेलाविषयी, पण पत्र वाचताना माझे लक्ष खिळले ते परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंवर. जुन्या तेलाचा अपाय सावकाश होतो. कच्च्या अंड्याचा दुसऱ्याच दिवशी होऊ शकतो.

अंड्याच्या कवचावर, आणि कधी कधी आतही, साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. गावठी अंडे चवीला चांगले, पण खुराड्यातली घाण कवचाला लागलेली असते. अंडे फोडताना ती आत जाते. अंडे नीट शिजवले की हे जंतू मरतात. मेयोनीजमध्ये अंडे शिजतच नाही, आणि एका अंड्यातले जंतू सगळ्या भांड्यात पसरतात. पुढे ते भांडे टेबलावर दोन-तीन तास राहिले, किंवा वीज गेली आणि फ्रिज बंद पडला, की त्यांची वाढ होते. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको. सहा तासांपासून पाच-सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. तरुण मुलगा दोन दिवस अंथरुणात राहून उठेल. सत्तरी ओलांडलेली मधुमेही बाई मात्र पाणी कमी होऊन रुग्णालयात जाऊ शकते. लहान बाळे आणि गरोदर स्त्रिया यांनाही हाच धोका.

ही काही पुस्तकी भीती नव्हे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ साली बंदी घातली. तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि तामिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये एकेका वर्षासाठी तशीच बंदी जाहीर केली. अन्नविषबाधेच्या घटनांनंतरच सरकारे अशी पावले उचलतात.

तर मुलाच्या वाढदिवसाचे काय? सँडविच जरूर करावे. मेयोनीजसारखा पदार्थ कच्च्या अंड्याशिवाय घरी छान होतो.

एक रीत दुधाची. पाव वाटी दूध उकळून, फ्रिजमध्ये अगदी थंड करून घ्यावे. मिक्सरच्या लहान भांड्यात ते दूध, पाव चमचा मोहरीची पूड, मीठ, चिमूटभर साखर घालून फिरवावे आणि फिरवता फिरवता अर्धी वाटी ताजे तेल बारीक धारेने सोडावे. बलकाचे काम येथे दुधातली प्रथिने करतात. मिश्रण जाड झाले की शेवटी चमचाभर लिंबाचा रस घालावा. तेल घाईने ओतले तर फुटते, मग कितीही फिरवा, ते पातळच राहते. माझ्या घरी पहिल्या खेपेस तसेच झाले होते आणि ते पातळ प्रकरण थालिपिठाच्या पिठात मळून संपवावे लागले.

अंड्याचीच चव हवी असेल तर दोन अंडी बारा मिनिटे उकडून, सोलून, दोन चमचे थंड दूध, चार चमचे तेल, मोहरी, मीठ व लिंबू यांसह मिक्सरमधून अगदी मऊ काढावीत. यात तेल बरेच कमी लागते.

सासूबाईंसाठी मी तिसरी रीत सुचवीन. वाटीभर दही स्वच्छ फडक्यात बांधून चार तास टांगावे. त्या चक्क्यात एकच चमचा तेल, मोहरीची पूड, किंचित लसूण, मिरी आणि मीठ घालून फेटावे. ते मेयोनीज नव्हे हे मुलांना कळेल, पण काकडी-टोमॅटोबरोबर ते त्याहून बरे लागते, असे माझे मत आहे. मुलांनी वाद घालावा.

यांपैकी काहीही केले तरी झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. सँडविचे आदल्या रात्री भरून ठेवू नयेत. पाहुणे आल्यावरच भरावीत. त्यातूनही कोणाला जुलाब झालेच, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट देत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. रक्त पडत असेल, ताप जोराचा असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरगुती उपाय करीत बसू नये, दवाखाना गाठावा. वृद्ध आणि मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तर पहिल्याच दिवशी.

राहता राहिले ते दोन वाट्या तेल. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत याचेही उत्तर आहे. एकदा तळलेले तेल गाळून भाजी-आमटीच्या फोडणीला वापरावे, पुन्हा तळायला घेऊ नये, आणि एक-दोन दिवसांतच संपवावे. म्हणजे तळणीच्या दुसऱ्या दिवशीच ते फोडणीला घेतले असते, तर वाया गेले नसते. पुढच्या वेळी लहान, खोल कढई घ्यावी. पसरट कढईत तेल जास्त लागते आणि हवाही जास्त लागते. थोडे थोडे तळावे, तेल कमी पडल्यास ताजे घालावे, म्हणजे शेवटी वाटीभरदेखील उरत नाही. दिवाळीच्या चकल्या-शेवेच्या वेळी हे करून पाहावे.

आता डब्यात असलेले मात्र दहा दिवसांवरचे आहे. ते खाण्यात घेऊ नये. मोरीत ओतू नये, ते नळीत चिकटून, साचून राहते. ते लाकडाच्या भुशात किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत जिरवून कचऱ्यात द्यावे. वाटल्यास थोडे बाजूला ठेवून कोयत्याच्या पात्याला पुसावे, पावसाळ्यात गंज धरत नाही. आणि डबा पुन्हा ताज्या तेलासाठी वापरण्यापूर्वी गरम पाणी व सोड्याने धुऊन, उन्हात कोरडा करावा. तळाशी राहिलेले जुने चिकट तेल नव्या तेलालाही लवकर खवट करते.