पुढचा भाग कोणाकडे आहे?

कॉमिक्स का संपली, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. कागद महागला, घरोघरी टीव्ही आला, मग केबल आली. ही उत्तरं खरी आहेत. पण साधारण 1980 ते 2000 या काळात तेव्हाच्या औरंगाबादेत कोणता नायक टिकला आणि कोणता सुटला, हे बघायचं तर गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज, उस्मानपुरा या भागांतल्या भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या टपऱ्यांकडे जावं लागतं. ‘आता ही मालिका बंद’ हा निर्णय तिथे होत असे. तो एकट्या वाचकाचा नसायचा, गल्लीचा असायचा.

आधी विकत घेणाऱ्यांचं बघू. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये इंग्रजीत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, किंमत साठ पैसे. मराठी आवृत्तीही पुढे लवकरच आली. पहिले 32 अंक फक्त वेताळाचे, म्हणजे फँटमचे. त्यानंतर त्याच नावाखाली मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर असे पाहुणे आलटूनपालटून येऊ लागले आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला आपल्या मातीतला नायक. त्यामुळे ‘इंद्रजाल’चं गणित वेगळं होतं. वाचकाला एखादी मालिका धरता किंवा सोडता येत नसे, दर अंकाला नव्याने ठरवावं लागे. मुखपृष्ठावर वेताळाची कवटीची अंगठी दिसली की पैसे बाहेर. चष्मा लावलेला, पाइप ओढणारा रिप कर्बी दिसला की अंक परत दोरीवर. 1981 मध्ये ‘इंद्रजाल’ साप्ताहिक झालं आणि महिन्याला चार अंकांचा खर्च आला. तेव्हा पहिला बळी गेला तो कर्बीचा, मग फ्लॅश गॉर्डनचा. मला हा अन्याय वाटतो. ॲलेक्स रेमंडने आणि त्याच्यानंतर जॉन प्रेंटिसने काढलेला कर्बी हा त्या सगळ्या ढिगातला रेखाटनाचा उत्तम नमुना होता. पण त्यात मुखवटा नव्हता, घोडा नव्हता, आणि दहा वर्षांच्या मुलाला चित्रातली सावली कळत नाही, ठोसा कळतो.

खरा मोठा वाचक मात्र विकत घेणारा नव्हताच. तो चार आणे, पुढे आठ आणे देऊन एका दिवसासाठी अंक नेणारा होता. ही दुकानं म्हणजे कधी किराणा दुकानाची पुढची फळी, कधी जिन्याखालची जागा, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तर कोणाच्याही ओट्यावर टाकलेली सतरंजी. नवा अंक आणला की मालक पहिल्यांदा त्याच्या पिना काढायचा. दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचा, मुखपृष्ठाला मागून पुठ्ठा लावायचा, खळ लावून वर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवायचा. शेवटच्या पानावर वहीचा एक चतकोर कागद डकवलेला असे. अंक गेला की त्यावर तारीख पडायची.

तो चतकोर कागद म्हणजे त्या मालिकेचं प्रगतिपुस्तक. राज कॉमिक्सच्या नागराजच्या अंकाचा कागद महिन्याभरात दोन्ही बाजूंनी भरून त्यावर दुसरा चिकटवावा लागे. एखाद्या नव्या नायकाच्या अंकावर मात्र सुटी संपली तरी तीन तारखा. मालक काही बोलत नसे, पण पुढच्या खेपेला त्या नायकाचा अंक यायचा बंद व्हायचा. एक प्रत चाळीस घरांत फिरणार असेल, तर ती प्रत न घेणं म्हणजे चाळीस घरांत ती मालिका संपणं. मनोज कॉमिक्सचे राम-रहीम, तुलसीचा अंगारा, डायमंडचा फौलादी सिंह यांची आमच्या भागातली कारकीर्द अशा कागदांवर लिहिली गेली.

अमेरिकेत याच गोष्टीची वेगळी रीत आहे. तिथली खास कॉमिक्सची दुकानं वितरकाकडे आगाऊ मागणी नोंदवतात आणि उरलेले अंक बहुतेक परत करता येत नाहीत. वाचक दुकानदाराला आपली यादी देऊन ठेवतो. यादीतून त्याने एक नाव खोडलं की दुकानाची मागणी एकाने घटते आणि तो आकडा पुढे प्रकाशकापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे दिल्लीतल्या प्रकाशकाला शहागंजातल्या त्या कागदाचा कधीच पत्ता लागला नाही.

राज कॉमिक्सने या शहराला जेवढं वेड लावलं तेवढं दुसऱ्या कोणी नाही. नागराज 1986 मध्ये आला, सुपर कमांडो ध्रुव 1987 मध्ये. भाषा हिंदी, पण औरंगाबादेत ती अडचण नव्हतीच. गल्लीत अर्धी बोलणी हिंदीत, दखनीत चालायची. उर्दू शाळेत जाणाऱ्या मित्राला देवनागरी वाचायला वेळ लागायचा, म्हणून मराठी शाळेतला पोरगा संवादांचे फुगे मोठ्याने वाचायचा आणि तो चित्रावर बोट ठेवून ऐकायचा. भाडं दोघांत निम्मं निम्मं. नागराजच्या सुरुवातीच्या वर्षांतली बरीचशी चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर अभिमान वाटला. मुळीकांचा नागराज धिप्पाड, भारदस्त. पुढे अनुपम सिन्हांनी नागराज हातात घेतला तेव्हा तो चपळ झाला, गोष्टी गुंतागुंतीच्या झाल्या. काही जुने वाचक तिथे थांबले. मी थांबलो नाही, कारण सिन्हांच्या ध्रुवाने आधीच मन जिंकलं होतं. कोणतीही दैवी शक्ती नसलेला, सर्कशीत वाढलेला, डोक्याने लढणारा ध्रुव हा या सगळ्या नायकांत मला आजही सर्वांत मोठा वाटतो. डोगाचं वेगळं झालं. तो मुंबईचा, कुत्र्याचा मुखवटा घालून पिस्तूल चालवणारा. त्याला वाचकांनी नाही, घरच्यांनी बंद केलं. रक्त बघून आई अंक परत करून यायला सांगायची.

आता मूळ मुद्द्याकडे. मालिका सोडून देण्याचं सर्वांत मोठं कारण ना किंमत होती, ना चित्रकार, ना टीव्ही. ते होतं ‘क्रमशः’. ‘इंद्रजाल’मध्येही शेवटच्या दशकात गोष्टी तोडून पुढच्या अंकात नेल्या जाऊ लागल्या. 1990 मध्ये ते बंद पडलं तेव्हा अंकांचा क्रमांक आठशेच्या पुढे गेला होता. राज कॉमिक्सच्या मोठ्या कथा तर दोन, तीन, चार भागांत पसरू लागल्या. विकत घेणाऱ्याला याचा त्रास एवढाच की महिनाभर थांबावं लागे. भाड्याने वाचणाऱ्याचे मात्र हाल. पहिला भाग हातात, नागराज मरणाच्या दारात, आणि दुसरा भाग गल्लीतल्या कोणा मुलाने नेलेला, जो मामाच्या गावाला जालन्याला गेला आहे. ‘पुढचा भाग कोणाकडे आहे?’ हा त्या काळातला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असेल. कधी मालकाने दुसरा भाग आणलेलाच नसे. पार्सलमध्ये आला नाही, म्हणायचा. अशा दोन-तीन गोष्टी अर्ध्या राहिल्या की मुलं त्या नायकाचा पहिला भागही उचलेनाशी व्हायची. कागद कोरा राहायचा, आणि मालक अंक आणणं थांबवायचा.

नायक कमजोर झाला म्हणून आम्ही कोणाला सोडलं, असं मला एकही उदाहरण आठवत नाही. साबूसारखा ज्युपिटरवरून आलेला आडदांड सोबती असलेले चाचा चौधरी या सगळ्यांत म्हातारे, तरी त्यांचा अंक शेवटपर्यंत फिरत राहिला. चाचा चौधरींचे जनक प्राण यांच्या गोष्टी काही पानांत सुरू होऊन तिथेच संपायच्या. अंक उघडा, वाचा, परत द्या. भाड्याच्या दुकानाला हेच परवडायचं.

13 सप्टेंबर 1997 पासून ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर सुरू झाला आणि भाडं न देता नायक घरी येऊ लागला. दुकानं एकेक करून कॅसेट, मग मोबाइल रिचार्जकडे वळली. शिवलेले अंक रद्दीत गेले.

ती पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे, हातात पैसे आहेत आणि अंक घरपोच येतात. तरी यादी करणं सुटलेलं नाही. गुप्ता बंधू वेगळे झाल्यापासून राज कॉमिक्स तीन नावांनी निघतं, मनोज गुप्ता, संजय गुप्ता आणि मनीष गुप्ता. कोणाचं घ्यायचं, कोणाचं सोडायचं, यावर जुने मित्र तासन्‌तास बोलतात. 2007 च्या सुमाराला सुरू झालेलं ‘नागायण’ आठ भागांत पूर्ण झालं, म्हणून त्याचा पूर्ण संच लोक आजही आनंदाने घेतात. ‘सर्वनायक’चे भाग मात्र वर्षानुवर्षं रखडत गेले, आणि अनेकांनी ठरवून टाकलं की मालिका पूर्ण झाल्याशिवाय पहिला भागही घ्यायचा नाही. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. पण पहिला भाग कोणीच घेतला नाही तर दुसरा छापायला प्रकाशकाकडे पैसा कुठून येणार? म्हणून मी अजूनही पहिला भाग घेतो, आणि प्रकाशकाला दर वेळी कळवतो की दुसऱ्याची वाट बघतो आहे.