दहा बाय बाराच्या खोलीतला टोन

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉलेजातला मुलगा इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडतो. दहाच्या ठोक्याला बंद करायचं, असं आईने बजावलेलं आहे. तो आवाज बारीक ठेवतो, बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मिडलचं बटण जवळजवळ शून्यावर आणतो. आता कसं भरदार आणि लखलखीत वाटतंय! पंधरा दिवसांनी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये तीच गिटार असते, तोच ॲम्प, बटणंही तशीच. पण ड्रम आणि बेस गिटार सुरू झाली, की त्याची गिटार पहिल्या रांगेतही पोहोचत नाही. मग तो दुकानात जातो आणि सात पट्ट्यांचा इक्वलायझर नाहीतर एन्हान्सर घेऊन येतो.

या दोन्ही पेट्या कामाच्या आहेत. मात्र दोघींची कामं अगदी वेगळी आहेत, आणि आपला आवाज नेमका कशामुळे बिघडलाय हे कळल्याशिवाय त्यातली एकही उपयोगी पडत नाही.

कानाचा हिशेब

त्या मुलाची पहिली फसगत त्याच्या कानानेच केली. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी वेगवेगळ्या वारंवारतेचे स्वर माणसांना ऐकवून मोजमाप केलं. आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही, हे त्यातून आकड्यांनिशी दिसलं. ३ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास तो सर्वांत तिखट असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि त्याच वारंवारतेला ती बासरीसारखी घुमते. खालचे, खर्जाचे स्वर मात्र बारीक आवाजात आपल्याला फारच कमी ऐकू येतात. १ हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला त्याला २० हून अधिक डेसिबलची भर द्यावी लागते. आवाज वाढवत नेला, की हे अंतर कमी होत जातं.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. उपनगरातला गिटारवादक म्हणूनच वर्षानुवर्षं बारीक आवाजात टोन जुळवतो. कानाला खर्ज कमी पडतो, तो बेस वाढवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की कान खर्ज नीट ऐकू लागतो आणि वाढवलेला बेस नुसता घोंगावतो. शिवाय त्या जागेवर बेस गिटार आणि ड्रमचा ताबा असतोच. गिटारची स्वतःची जागा मधल्या स्वरांत आहे, आणि ती तर त्याने घरीच रिकामी करून ठेवलेली असते.

पट्ट्या सप्तकाच्या

इक्वलायझर हा शब्द टेलिफोनच्या जमान्यातला आहे. लांबच्या तारेतून जाताना आवाजाचे काही भाग जास्त झिजत. ती झीज भरून सगळं पुन्हा समान करायचं, म्हणून हे नाव. गिटारवादकांच्या पायाशी दिसणाऱ्या पेटीचं उदाहरण घेऊ. बॉस कंपनीचा जीई-७ हा १९८१ मध्ये आला. त्याच्या पट्ट्यांवरचे आकडे आहेत १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक पट्टी एकेक सप्तक वर. बाजाची पेटी शिकलेल्याला ही रचना लगेच ओळखीची वाटावी.

गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असतो आणि २२ पडद्यांच्या गिटारवर सर्वांत वरचा सूर सुमारे १,१७५ हर्ट्झचा. त्यापलीकडे जे ऐकू येतं ते सगळे उपस्वर. १०० ची पट्टी घुमारा देते, २०० ची अंग देते. ४०० जास्त झाली तर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. ८०० ते १६०० मध्ये गिटार ओळखू येते आणि ३२०० ला तिला धार चढते. ६४०० ची पट्टी वर केली तरी हाती खरखरीशिवाय फारसं काही लागत नाही, कारण गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या पुढे वेगाने मान टाकतो.

पट्टी वर करण्याची किंमतही ध्यानात ठेवायला हवी. १२ डेसिबल वाढ म्हणजे त्या स्वराला सुमारे १६ पट वीजशक्ती. दहा वॉटचा घरगुती ॲम्प ती आणणार कुठून? स्पीकर फडफडतो आणि आपल्याला वाटतं, पेटीच खराब निघाली. म्हणून जाणकार वादक आधी नको असलेली पट्टी खाली आणतात. घुमारा कमी केला, की दबलेला मधला सूर आपसूक वर येतो.

पेटी कुठे जोडायची, यानेही खूप फरक पडतो. आवाज मुद्दाम फाडणाऱ्या डिस्टॉर्शनच्या आधी इक्वलायझर ठेवला, तर कोणते स्वर फाटणार हे तो ठरवतो. तिथे बेस थोडा उतरवला तर जाड तारा चिखलासारख्या न वाजता नेमक्या वाजतात. डिस्टॉर्शननंतर, ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये ठेवला, तर फाटून तयार झालेल्या आवाजाला तो आकार देतो.

मिरजेची जवारी

इक्वलायझर कितीही महाग असला तरी एक गोष्ट त्याला जमत नाही. जो स्वर आलेलाच नाही, तो त्याला वाढवता येत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात तारा लवकर गंजतात. घामाचा आणि गंजाचा थर बसलेल्या तारेचे वरचे उपस्वर छेडल्याबरोबर विझतात. अशा वेळी ३२०० ची पट्टी वर नेली तर खरखर तेवढी वाढते. तिथे औषध एकच, नव्या तारा.

एन्हान्सर नेमका याच ठिकाणी वेगळा पडतो. १९७५ च्या सुमारास ॲफेक्स या अमेरिकन कंपनीने ऑरल एक्सायटर नावाचं यंत्र आणलं. सुरुवातीला ते विकत मिळत नसे. स्टुडिओंना ते भाड्याने दिलं जाई आणि भाडं असे तयार संगीताच्या दर मिनिटाला ३० डॉलर. हे यंत्र आवाजाचा वरचा भाग बाजूला काढतं, त्याला किंचित वाकडा करून नवे उपस्वर जन्माला घालतं आणि ते मूळ आवाजात चिमूटभर मिसळतं. दुसऱ्या जातीचा एन्हान्सर, बीबीईचा सॉनिक मॅक्सिमायझर, खर्जाला काही मिलिसेकंद मागे ठेवतो आणि तारेवर पडलेला आघात आधी कानावर येईल अशी व्यवस्था करतो.

महाराष्ट्राला ही युक्ती नवी नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून त्याला अगदी हलका उतार देतो. तार त्या माथ्याला घासत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा तो स्पर्श नेमका जुळवतो. यालाच आपण जवारी म्हणतो. तारेचा खालचा कंप हळूहळू वरच्या उपस्वरांत वाटला जातो आणि कुणी न छेडलेला गंधार तंबोऱ्यातून उमटतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सी. व्ही. रामन यांनी हेच कोडं अभ्यासलं. तार बरोबर मध्यावर छेडली तर वरच्या सप्तकाचा षड्ज तिच्यात असायलाच नको, असा जुना नियम होता. तंबोऱ्यात मात्र तो ठणठणीत ऐकू येतो. तारेने न दिलेला स्वर घोडीने तयार केलेला असतो.

एक्सायटर ही विजेवर चालणारी जवारीच. म्हणून जवारीचा नियम त्यालाही लागू पडतो, थोडक्यात गोडी. स्वच्छ टोनमध्ये, किंवा रेकॉर्डिंगच्या शेवटी, त्याची थोडी मात्रा सुरेख लागते. जोरदार डिस्टॉर्शनमध्ये उपस्वरांचा आधीच पूर आलेला असतो. तिथे आणखी घातले की माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो.

भिंतीही वाजतात

आता त्या खोलीकडे वळू. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या लाटा ठरावीक वारंवारतेला अडकून बसतात. मुंबईच्या उबदार हवेचा हिशेब धरला, तर त्या सुमारे ५७ आणि ११४ हर्ट्झला अडकतात. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झची. ती मोकळी छेडली किंवा तिचा पहिला पडदा दाबला, की खोली तिच्याबरोबर गाऊ लागते. मुलाला वाटतं, हा आपल्या ॲम्पचा दमदार बेस! ॲम्प कोपऱ्यात असेल तर घुमारा आणखी वाढतो. तो भिंतीपासून दोन हात पुढे आणला तर एकही रुपया न खर्चता आवाज मोकळा होतो.

दुसरी चूक जमिनीवर होते. वरचे स्वर स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ॲम्प लादीवर असेल तर तो झोत वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर पडतो. कानाला धार मिळत नाही म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांच्या कानात सुया टोचतात. ॲम्प स्टुलावर ठेवावा, किंवा मागे कलवून त्याचं तोंड आपल्या कानाकडे करावं. आपण काय वाजवतोय ते मग खरोखर ऐकू येतं.

मिरवणुकीतला धडा

गर्दीत टोन कसा टिकतो, हे शिकायला लांब जायला नको. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या गणपती मिरवणुकीत बेंजो पार्टी ऐका. टंकलेखन यंत्रासारख्या कळांचं हे वाद्य मूळचं जपानी तायशोगोतो. गोरो मोरिता यांनी नागोयात १९१२ मध्ये ते घडवलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या रस्त्यावर, गिटारसारखा पिकअप आणि ॲम्प जोडून, बेंजो झालं. एकट्याने ऐकलं तर ते थोडं नाकातून बोलल्यासारखं वाटतं. पण ढोल आणि ड्रमच्या कल्लोळात गाण्याची चाल गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचते ती त्याच नाकातल्या मधल्या स्वरांवर. ढोलाने खालची जागा घेतलेली असते, झांजेने वरची. बेंजो मधल्या मोकळ्या पट्टीत उभा राहतो.

मुलुंडच्या त्या मुलानेही हेच करून पाहावं. नव्या तारा चढवाव्यात, ॲम्प स्टुलावर ठेवावा, बेस थोडा उतरवावा आणि मिडलचं बटण अर्ध्याच्या वर न्यावं. एकट्याने वाजवताना हा आवाज त्याला कोरडा वाटेल, कदाचित आवडणारही नाही. निर्णय मात्र रविवारच्या तालमीत घ्यावा, ड्रमरने पहिला ठोका दिल्यावर आणि बेसवाला सोबत आल्यावर. त्यानंतरही काही दबलेलं वाटलं तर इक्वलायझर हाताशी आहे, आणि काही उमटतच नसेल तर जवारीची चिमूट.