कोर्लईचा किल्ला : स्पॅनिश की पोर्तुगीज?

रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी, समुद्रात शिरलेल्या डोंगरसोंडेवर कोर्लईचा किल्ला उभा आहे. समोरच्या तीरावर रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे चौलचे ठाणे, होते. त्या ठाण्यास शह देण्यासाठी अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने 1594 मध्ये या डोंगरावर तटबंदी उभारली. परंतु त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती हल्ला करून जिंकली.

त्या वेळी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या मस्तकी होता. 1580 ते 1640 ही साठ वर्षे दोन्ही राज्यांचा राजा एकच होता. मग कोर्लईस स्पॅनिश किल्ला म्हणावे काय? येथील बुरुजांची नावे इंग्रजी वृत्तांतांत ‘सान दिएगो’, ‘सान फ्रान्सिस्को’ अशी स्पॅनिश वळणाने आढळतात, त्यामुळे हा समज बळावतो. तथापि ‘संत’ या अर्थाचे पोर्तुगीज रूप ‘सांव’ असे असून, ‘सान’ हा लेखनातील फरक होय. शिवाय 1581 मध्ये तोमार येथील सभेत पोर्तुगालचे कायदे, कारभार व भाषा स्वतंत्र राखण्याचे फिलिपने मान्य केले होते. राजा बदलला, गोव्याहून चालणारा कारभार पोर्तुगीजच राहिला.

याची साक्ष पायथ्याच्या गावात आजही ऐकू येते. कोर्लईतील ख्रिस्ती समाज आपल्या बोलीस ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतो. ‘जीभ, भाषा’ या अर्थाचा शब्द पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’, तर स्पॅनिशमध्ये ‘लेंग्वा’ असा आहे. ‘लिंग’मधील इकार कोणत्या भाषेचा, हे वेगळे सांगावयास नको.

1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. सान दिएगोचा पुस्ती बुरूज व सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज झाला. बोली मात्र टिकली. मराठीच्या सहवासाने तिची वाक्यरचनाही बदलली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येऊ लागले.

ही बोली बोलणारे आज सुमारे हजारच उरले असून मुलांचे शिक्षण मराठीत होते. तटाचे मोजमाप केव्हाही घेता येईल. बोलीची नोंद मात्र ती बोलणारे आहेत तोवरच होऊ शकेल. कोर्लईच्या अभ्यासात हे काम प्रथम हाती घेतले पाहिजे.