जुनं क्रोनोग्राफ अस्सल कसं ओळखाल?

खामगावच्या सराफ्यात कस पाहिल्याशिवाय आपण चांदीचे पैसे मोजत नाही; मोबाइलवर दिसणाऱ्या जुन्या घड्याळालाही तीच कसोटी लावा. उदाहरण सेइको ६१३९चं. १९६९मध्ये आलेलं हे जगातल्या पहिल्या स्वयंचलित क्रोनोग्राफांपैकी, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांपैकी एक. विक्रेत्याकडून मागच्या झाकणाचा आणि आतल्या यंत्राचा स्पष्ट फोटो मागवाच. झाकणावरच्या मॉडेल क्रमांकाचे पहिले चार अंक म्हणजे यंत्राचा क्रमांक. ते यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळायलाच हवेत. अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं.

मग व्हिडिओ मागवा. वरचं बटण दाबल्यावर मधला सेकंदकाटा धावला पाहिजे, पुन्हा दाबल्यावर थांबला पाहिजे आणि खालच्या बटणाने शून्यावर आला पाहिजे. तीस मिनिटांच्या छोट्या तबकडीतला काटा हलत नसेल, तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्वाधिक फसवते ती नव्याने रंगवलेली तबकडी. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, याचं वाईट वाटतं. फोटो मोठा करून अक्षरांच्या कडा पाहा: जाड, तिरकी, असमान अक्षरं म्हणजे मूळ छपाई नव्हे. पन्नास वर्षांची तबकडी कोरी करकरीत दिसली तर संशय घ्याच. घड्याळ मागवलंत, तर पार्सल उघडतानाचं चित्रीकरण करून जपून ठेवा.

व्यापाऱ्याने फसवलं, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बुलढाण्याच्या रहिवाशाला आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.